कढीपत्ता एवढा हिरवा कसा

मंगळवार, संध्याकाळ

सासूबाईंचा तांब्या आजही रिकामा. डॉक्टरांनी दिवसाला तीन तांबे पाणी सांगितलंय, आणि त्या म्हणतात सगळं पिते. मग ओठ का फुटलेत? आणि खिडकीखालचा कढीपत्ता या उन्हात एवढा हिरवा कसा?

शेवटी विचारलंच.

"व्हय, झाडालाच घालते. संडास अंगणाच्या पल्याड, गुडघं लई दुखत्यात. कितींदा जायाचं?"

मी तावातावाने आरोग्यावर भाषण ठोकलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठल्या आणि माझ्या कंडक्टरच्या पिशवीतली बाटली काढली. शेवगावच्या दोन फेऱ्या करूनही सकाळी भरली तशीच.

"आन् ही कुनी प्यायची गं?"

वाटेत बायकांना जायची सोय नसते, म्हणून ड्युटीवर मी पाणी पीतच नाही. पण हे त्यांना कधीपासून ठाऊक होतं?