न तुटलेल्या ब्रेडस्टिक

आई,

तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. बबडीचे कपडे न्यायला आले होते, लगेच परत हॉस्पिटलला जातेय. उलट्या थांबल्यात, पण सलाईन चालूच आहे. पोरगी पार गळून गेलीय. तुमचा मुलगा तिच्यापाशी बसलाय. तुमचं जेवण झाकून ठेवलंय, उपाशी राहू नका.

ओट्यावरच्या डब्यातल्या ब्रेडस्टिक आता कुणीही खायच्या नाहीत. काल त्या बघून मीच तुमचं कौतुक केलं होतं. आज एक मोडायला गेले, तर ती आधी वाकली. तांदळाच्या पिठाची कांडी वळतानाच तुटते, आई. बबडीला गहू सोसत नाही हे कळल्यापासून मी तुकडेच भाजत आलेय. वीतभर लांब, एकसंध कांडी गव्हाशिवाय होत नाही.

पीठ जुळून यावं म्हणून तुम्ही मूठभरच कणीक घातली असेल. चिमूटभरही चालणार नाही, हे डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलं होतं. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, हल्लीची नसती खुळं.

काय खाल्लंस, असं सगळे तिला खोदून खोदून विचारतायत. शाळेत मैत्रिणीचा डबा खाल्ला, एवढंच ती म्हणते. त्यावरून मी तिला सगळ्यांदेखत झापलं. काल ती तुमच्या शेजारीच कांड्या वळत बसली होती, हे मला आत्ता डबा उघडल्यावर आठवलं.

डॉक्टरांना मी सांगते. तुम्ही संध्याकाळी या, आणि आजीचं नाव घेतलंस तरी चालेल, हे तिला तुमच्या तोंडाने सांगा.