वहिनी, तुम्ही अडून बसलात म्हणून

प्रिय वहिनी,

तुम्ही दादापासून वेगळ्या झाल्यापासून आईने घरात तुमचं नावच बंद केलंय. म्हणून हे पत्र टाकणार नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

मला कॅन्सर निघाला, तेव्हा सगळ्यांना केमोची घाई होती. आई म्हणाली, "पोरीचा जीव वाचू दे, मुलाबाळांचं नंतर बघू." तुम्ही एकट्या डॉक्टरांपुढे अडून बसलात. "नंतर बघायला काही उरायला नको का? आधी तिची स्त्रीबीजं गोठवून ठेवा." डॉक्टर थोडे दिवस थांबायला तयार झाले. बीजं वाढवायचं रोजचं इंजेक्शन तुम्हीच द्यायचात. पोटात सुई टोचताना डोळे मात्र तुम्हीच मिटायचात आणि मी ओरडायचे, "अहो, बघून तरी टोचा!"

मी बरी झाले, लग्न झालं. त्याच बीजांतून काल मला मुलगी झाली.

आई आत्ता तिला मांडीवर घेऊन बसलीय. खाली मान घालूनच म्हणाली, "तुझ्या वहिनीला फोन लाव. मी बोलते."

तुमची कायमची
नणंद