मंगळावरची माती

प्रिय संपदा,

घटस्फोटानंतर सूनबाई म्हणता येत नाही, म्हणून नावानंच लिहितोय. काल टीव्हीवर तू दिसलीस. तुमचं यान मंगळावर उतरलं होतं आणि तू काहीतरी समजावून सांगत होतीस, पण इथे विमानतळाजवळ, द्वारकेच्या आपल्या घरावरून नेमकं तेव्हाच विमान गेलं आणि काही ऐकू आलं नाही.

मला सारखे प्रश्न पडतायत. यानाचा तो हात माती उकरतो, तेव्हा ती पिठासारखी भुरभुरते की ढेकळं निघतात? तिला वास असेल का गं?

तुझ्या पत्रिकेत मंगळ होता, त्यानंच संसार मोडला, असं तुझी सासू अजून सगळ्यांना सांगते. आमचा लेक अंकुर घरात कसा वागायचा... चलो, ते राहू दे.

पण काल तीच टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसली. मंगळावरचे ते लाल दगडधोंडे बराच वेळ निरखून म्हणाली, "अहो, इथे तर काहीच नाहीये!" मग अंकुरच्या खोलीच्या बंद दाराकडे बघत राहिली.

हे पत्र पाठवायचा धीर काही होणार नाही. मातीचं मात्र खरंच कळायला हवं होतं.

तू बाबा म्हणायचीस तो,
श्रीपाद