हिंदीतला राजीनामा

आई, गेल्या आठवड्यात तुझा शब्द माझ्या टेबलावर आला. राजीनामा. तू जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी तुला कधी पत्र लिहिलं नाही, तू होतीस तेव्हाही नाही, कारण आपण एकाच घरात राहत होतो आणि जे काही असेल ते ओट्यापाशी उभ्या उभ्या बोलून टाकत होतो. एक गोष्ट तेवढी राहिली. लंच टाइम आहे, शाखेत कुणी नाही, सगळे खाली पोहे खायला गेलेत, आणि मी सरकारी कागदावर घरचा मजकूर लिहितेय. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "कागद कुणाचा आहे गं?" चौथीत असताना तुझ्या ऑफिसातल्या कोऱ्या कागदावर मी मोर काढला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी मला सोबत नेऊन बडे बाबूंना तो परत करायला लावलास. मोरासकट. ते बिचारे हसून हसून बेजार झाले, पण तू हसली नाहीस.

माझी नोकरी लागलेली तू पाहिलीस, पुढचं नाही. आता मी स्थापना शाखा बघते. म्हणजे कोण लागलं, कोण सुटलं, कुणाची बदली, कुणाची पेन्शन, हे सगळे कागद माझ्या सहीनं वर जातात. लागण्याचे कागद हल्ली येतच नाहीत, सुटण्याचेच येतात. खर्च कमी करा, माणसं कमी करा, असा वरून आदेश आहे. जो रिटायर होईल त्याचं पद त्याच्याबरोबर संपवायचं. त्याला आमच्याकडे डाइंग कैडर म्हणतात. माझंही पद त्यातलंच; दोन वर्षांनी मी उठले की माझी खुर्चीही उठेल. परवा आमचे बाबू म्हणाले, "मैडम, अपन दोनों डाइंग हैं, चाय तो पी लें." प्यायलो. खरं सांगू, मला याचा फारसा राग येत नाही. काही पदं फालतूच होती. आमच्याकडे टायपिस्ट तीन होते आणि चालू टाइपरायटर एकही नव्हतं. यादी करायची असते, मी करते, आणि सहाच्या ठोक्याला ऑटो पकडून नानाखेड्याला घरी जाते.

तुझ्या वेळीही असाच आदेश आला होता. तू तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये होतीस, डेली वेजेसवर. लाल कापडात बांधलेले फायलींचे बस्ते उतरवायचे, झटकायचे, सालाप्रमाणे लावायचे. खानदेशातून लग्न होऊन या हिंदी मुलखात आलेली तू, सातवी शिकलेली, हिंदी तुझं भाजीबाजारापुरतं, पण आकडे आणि सालं तुला तोंडपाठ. साहेबानं अमुक सालचं अमुक गाव म्हटलं की तू शिडीवर. बाबा रेल्वेत, दोन दिवस घरी, चार दिवस बाहेर. त्यांना तुझी नोकरी कधीच आवडली नाही. "बस्ते झटकायला घरी काय कमी धूळ आहे?" असं ते म्हणायचे, आणि तू त्यांच्यासमोर साडीला पिन लावून, पर्स काखेत मारून निघायचीस. तो पर्स मारण्याचा आवाजसुद्धा मला आठवतो. घरात कुणाला उत्तर द्यायचं असलं की तू तशीच निघायचीस.

मग एका सोमवारी तुम्हा बारा जणींना गेटवरच थांबवलं. छँटनी, म्हणजे कपात. तुम्ही लेबर कोर्टात गेलात, तारखा पडत राहिल्या, आणि सातआठ महिन्यांनी ती दुपार आली. माझी चाचणी होती म्हणून तू मला शाळेतून घेऊन कोर्टात पोचलीस तेव्हा उशीर झाला होता, आधीची बोलणी तू ऐकलीच नव्हतीस. आवारात कडुनिंबाखाली बाकीच्या अकरा जणी उभ्या आहेत, तुमचा वकील सगळ्यांना सांगतोय, "देखो बहनजी, विभाग मान गया है. कल अदालत में सब राजीनामा कर लो, किस्सा ख़तम." अकरा माना हलल्या. तू पदर खोचलास. "मैं राजीनामा नहीं देगी," तू म्हणालीस. "मेरी नौकरी है. निकालना है तो तुम निकालो, मैं क्यों देगी?" तो म्हणाला, "अरे बाई, इसमें आपका ही फायदा है." मग तर तू पेटलीसच. "फायदा किसका है, सब मालूम है मेरे को." त्यानं हात जोडले, बाकीच्यांना म्हणाला, "बाई बहुत ज़िद्दी है, कल तक सोच ले तो ठीक," आणि निघून गेला.

हिंदीत राजीनामा करतात, मराठीत देतात. त्यांचा राजीनामा म्हणजे समेट: तुम्ही केस मागे घ्या, आम्ही तुम्हाला परत कामावर घेतो. आपला राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. तू देणार नाही म्हणत होतीस, त्याला ऐकू आलं की तू करणार नाहीस. दोघंही आपापल्या जागी बरोबर. असा घोटाळा कुणाचा व्हायला नको म्हणून सरकारी कागदावर शब्दाखाली अर्थ लिहायला हवा, असं मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं होतं. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी अकरा जणी सह्या करून आल्या. शनिवारी तुझी ती रेकॉर्ड रूममधली मैत्रीण घरी आली, चप्पल न काढताच दारातून म्हणाली, "काय री, तूने क्यों नहीं किया राजीनामा? सब सोमवार से लग रहे हैं वापस." तुझ्या हातात लाटणं होतं. तू विचारलंस, "राजीनामा करके वापस कैसे लगे?" मग तिनं सांगितलं. तू ऐकून घेतलंस, तव्यावरची पोळी करपली ती उचलून बाजूला ठेवलीस, आणि तिला म्हणालीस, "मेरे को उनके मेहेरबानी की ज़रूरत नहीं." सोमवारी सकाळी मात्र वकिलाकडे जाऊन आलीस. आता वेळ निघून गेली, असं त्यानं सांगितलं. तुझी एकटीची केस पुढं चार वर्षं चालली आणि फेटाळली गेली. शब्द कळला नव्हता, हे तू कुणाला, बाबांनासुद्धा, सांगितलं नाहीस. अडाणी म्हणवून घेण्यापेक्षा हट्टी म्हणवून घेणं तुला परवडलं. बाबा शेवटपर्यंत तुला "आमची हट्टी बाई" म्हणत राहिले आणि तू ते खाली मान घालून ऐकत राहिलीस.

त्या अकरा जणी पुढं परमनंट झाल्या. तू घरी साड्यांना फॉल-पिको करत बसलीस, फ्रीगंजच्या दुकानातून गठ्ठे आणून. तुझी मैत्रीण रिटायर झाली त्या दिवशी तू ठेवणीतली साडी नेसून गेलीस, मी सोबत होते. तिला हार, शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. येताना तू म्हणालीस, "बरं झालं बाई. एवढ्या लोकांसमोर हार घालून उभं राहायचं मला जमलं नसतं." आणि मग तिघांचं तिकीट काढलंस, आपण दोघीच असताना. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आई. आजही वाटतं.

आता ती गोष्ट. मला माहीत होतं. मी अकरा वर्षांची होते, पण गल्लीत वाढलेली होते, हिंदी माझी तुझ्यासारखी नव्हती. शेजारच्या दोघा भावांची नळावरून डोकी फुटली होती, तेव्हा पोलीस ठाण्यात त्यांचा राजीनामा झाला आणि त्यांच्या घरून सगळ्या गल्लीत जिलबी आली. तूही खाल्लीस, कशाबद्दल ते न विचारता. कडुनिंबाखाली वकील बोलला तेव्हाच मला कळलं होतं. आणि परत येताना टेंपोत, आपण मागच्या बाकावर, तू माझ्याकडे वळून विचारलंस, "का गं, राजीनामाच म्हणत होते ना ते? मी नीट ऐकलं ना?" एक दिवस हातात होता. मी म्हटलं, "हो." खोटं नव्हतं ते. शब्द तोच होता. तू मान हलवलीस आणि बाहेर बघत राहिलीस.

का, ते तुला कळलंच असेल. तू नोकरीवर होतीस तेव्हा शाळेतून आले की किल्ली शेजारच्या काकूंकडे, आणि डब्यात सकाळची साखर-पोळी गुंडाळलेली. तुला काढल्यापासून दार उघडं असायचं. मी पाय धुऊन बसायचे आणि तव्यावरून ताटात पोळी पडायची. तू वेणी घालताना घाई करत नव्हतीस. तू त्या महिन्यांत चिडलेली असायचीस, डबे काढून पुसून सालाप्रमाणे लावल्यासारखे ओळीनं लावायचीस, ते मी बघत होते. तरी मला बरं वाटत होतं.

तर गेल्या आठवड्याचं. आमच्याकडे सात डेली वेजेसवाल्यांची केस चालू आहे. विभागानं राजीनामा पुढं केला: केस मागे घ्या, पहिल्या तारखेपासून एजन्सीमार्फत तेच काम करा. कपाट तेच, टेबल तेच, फक्त सरकार तुमचं नाही. आजवरची सगळी वर्षं शून्य, आणि एजन्सीच्या मनात आलं की उद्यापासून येऊ नका. मसुदा माझाच. सहा सह्या झाल्या. सातवी आमची डाक वाटणारी बाई, वीस वर्षं माझ्या टेबलासमोरून जाते-येते. कागद घेऊन आली, "मैडम, साहब बोले राजीनामो कर दे, नौकरी बची रेगी. कई करूँ?" साहेब काचेपलीकडे बसलेले. सही घेणं माझं काम. करू नकोस म्हणणं म्हणजे माझ्याच मसुद्याविरुद्ध बोलणं, पेन्शनच्या तोंडावर. मी म्हटलं, "हमारी मराठी में राजीनामा किसको कहते हैं, मालूम है?" "कई के?" काय म्हणतात, असं तिनं विचारलं. "इस्तीफ़े को." ती माझ्याकडे बघत राहिली, मग कागदाकडे. पेनाला टोपण लावलं. "आपके यहाँ सही बोलते हैं, मैडम," म्हणाली, आणि कागद तसाच ठेवून डाक वाटायला गेली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, "बाई ज़िद्दी है, सर."

तिचं भलं केलं की वाटोळं, देव जाणे. केस हरली तर एजन्सीही घेणार नाही. तरी त्या दिवशी घरी जाताना मला हलकं वाटत होतं, तुझं काहीतरी फेडल्यासारखं. ते दोन दिवस टिकलं. मग लक्षात आलं की त्या बाईला सांगणं सोपं होतं, तिच्या नोकरी असण्यानसण्यानं माझ्या घरचं दार थोडंच बंद होणार होतं. लोक वर येतायत, जिन्यात बोलणं ऐकू येतंय. हा कागद कुठल्याच डाकेत जायचा नाही, पर्समध्येच राहील. पण लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते. तुझं काय गेलं ते मला आता पुरतं माहीत आहे, त्या नोकरीची किंमत मला कळते, माझं आयुष्यच तसल्या नोकरीवर गेलं. आणि तरी त्या टेंपोत तू पुन्हा माझ्याकडे वळून विचारलंस, तर मी पुन्हा हो म्हणेन गं.