सात नाकांची फायरप्लेस

बेमिजी, ९ डिसेंबर

प्रिय व्हर्नाताईस,

धाकट्या आर्डिसचा सप्रेम नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नाहीस, हे डुलुथपासून दीडशे मैलांवर बसूनही मला दिसते. कर. आम्ही दोघे ठीक. पारा शून्याखाली वीस, म्हणजे तसे काही वाईट नाही.

यंदाचा ख्रिसमस आमच्याकडे, हे तुला कळवलेच आहे. तीस वर्षे तो तुझ्याकडे झाला (गेल्या वर्षी आम्ही आलो नाही; त्याबद्दल मी काही बोलणार नाही), कारण काय, तर बाबांनी शेतातून वेचलेल्या दगडांची फायरप्लेस तुझ्याकडे आहे. फायरप्लेस आमच्याकडेही आहे. तिच्याभोवती साध्या विटा आहेत, एवढाच तिचा गुन्हा. म्हणून विटांवर चिकटवायला मी नकली दगडाची पॅनेल आणली. दिसायला थेट खडक, उचलायला पावासारखी हलकी. खोक्यावर लिहिले होते, एका दुपारचे काम. हार्लन सूचनांचा कागद उघडून चष्मा शोधू लागला, तेव्हा मी म्हटले, "एकतीस वर्षं शाळेत गृहशास्त्र शिकवलंय मी. मला कागद वाचून दाखवू नकोस." "बरं बाई," म्हणून (लग्नानंतर त्याने शिकलेले पहिले वाक्य) त्याने कागद खिशात घातला.

पॅनेल कापायला पावाची सुरी उत्तम चालते, हे लिहून ठेव. मात्र थर्मोकोलचा तो पांढरा भुगा खाली पडत नाही, माणसांवर चढतो. हार्लन घरात बसून बर्फात सापडल्यासारखा दिसत होता. सहा पॅनेल चिकटवून मी दोन पावले मागे सरले, तर समोर पाद्रीबाबा! सगळी पॅनेल एकाच साच्यातली, आणि प्रत्येकात डावीकडून तिसरा दगड म्हणजे हुबेहूब आमच्या पाद्री सोरेन्सनांचे नाक, मधल्या उंचवट्यासकट. हार्लन म्हणाला, "सातवं उलटं लावू या का?" लावले. आता सहा पाद्री सरळ आणि एक शीर्षासनात.

तेवढ्यात शेजारची इव्हॉन आली. कॉफीचा कप हातात धरून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे वेगळंच आहे हो." ताई, वेगळंच! आपल्याकडे घर जळाले तरी लोक 'तसं काही वाईट नाही' म्हणतात. 'वेगळंच' म्हणजे फाशी. (माझ्या लग्नातल्या टोपीला तू हाच शब्द वापरला होतास. मी विसरलेले नाही.)

तिचे तोंड बंद करायला मी फायरप्लेस पेटवली. पाच मिनिटे स्वर्ग. मग दगडांना घाम फुटला. मग नाके लांबू लागली. "अगं बाई, पाद्रीबाबांना सर्दी झाली!" इव्हॉन ओरडली आणि जी हसत सुटली, की मीही (कोणाला सांगू नकोस) चक्क जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हार्लनने अंगणातला बादलीभर बर्फ आत ओतला, दारे सताड उघडली, आणि खिशातला कागद काढून शांतपणे वाचला: "उष्णतेपासून दूर ठेवावे."

एकूण सगळे ठीक आहे. चोवीस तारखेला अवश्य या.

तुझी,
आर्डिस

ता. क. प्रत्येकाने दोन स्वेटर आणावेत.

ता. क. २. हार्लनने फायरप्लेसमध्ये जुना टीव्ही ठेवून त्यावर जळत्या लाकडांचा कार्यक्रम लावला आहे. दिसतो छान. मध्येच जाहिराती येतात.

ता. क. ३. तू फोन करून आम्हाला तुझ्याकडे बोलाव. मी नको म्हणेन. पुन्हा म्हण; मी म्हणेन, तुला कशाला उगाच त्रास. मग तिसऱ्यांदा म्हण, म्हणजे रीतीप्रमाणे मला हो म्हणता येईल. लेफ्सेच्या, बटाट्याच्या पातळ पोळ्या लाटून, बांधून तयार आहेत. पण मोजून तीनदा, ताई. गेल्या वर्षी तू दोनदाच विचारून फोन ठेवलास, आणि आम्ही दोघे ख्रिसमसला डब्यातले सूप गरम करून प्यायलो. नाहीतर मला काय दगडांची हौस होती?