पार्किंगची सोय नाही

२ एप्रिल, सायंकाळी

तुझे संपूर्ण नाव, मधल्या माझ्या नावासह, मी आजवर फक्त फॉर्मवर लिहिले आहे. आज या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, तर पत्राचा मायना वाटू लागला, म्हणून खोडले. ही रोजनिशी आहे, पत्र नव्हे. तुला ‘तू’ म्हणतो आहे ते केवळ लेखनाच्या सोयीसाठी.

तुझ्या खोलीत प्रथमच प्रवेश केला. दुसरा मजला, विद्यापीठाच्या मागच्या फाटकासमोर. खोली महिनाअखेरपर्यंत आपल्याकडे आहे. येण्याचे उद्देश दोन. पहिला, तुझे सामान आवरणे. दुसरा, माझ्या धाकट्या बहिणीचे म्हणणे खोडून काढणे. तू गेल्यानंतर तेराव्याला ती भेटायला आली आणि डोळे पुसता पुसता म्हणाली की दादा, वहिनी परत कुठे येणार होती, तिने तिकडे बिऱ्हाडच थाटलं होतं. मी सांगितले की मे महिन्यात एम.ए.ची परीक्षा, आणि परीक्षा झाल्यावर घरी, असे ठरलेले होते. ती म्हणाली, असं वहिनी म्हणाली होती का? मी म्हणालो, अशा गोष्टी म्हणाव्या लागत नाहीत.

उभी हयात मोटार विम्याचे दावे तपासण्यात गेली. खरे कोण बोलतो आणि रचून कोण सांगतो, हे समोरचा खुर्ची ओढून बसण्याआधीच मला कळते. इथेही तीच पद्धत अवलंबिणार: प्रत्यक्ष पाहणी, साक्षीदारांचे जबाब, निष्कर्ष. आठवडा पुरे.

गाडी शहराच्या वेशीवरील वाहनतळावर ठेवली आहे. इथे पार्किंगची सोय नाही असे तू दीड वर्ष फोनवर सांगत होतीस. मी एकदाही येऊ शकलो नाही त्याचे कारण हे. नोंद असावी.

३ एप्रिल

संकल्प: महिनाभर गाडीशिवाय राहायचे. तू जशी राहिलीस तसे. अठ्ठावन्नाव्या वर्षी पोरासोरांत बसून शिकताना तू ज्या हालअपेष्टा सोसल्यास, त्यांचा अनुभव घेणे हा पाहणीचाच भाग आहे.

लेकीला फोनवर कळवले. म्हणाली, बाबा, तुम्ही? कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढणारे तुम्ही? मी म्हणालो, निर्णय झालेला आहे. म्हणाली, बरं, छत्री आहे ना. उन्हाळ्यात छत्रीचे काय काम, असे विचारले असता हसली. तुझ्यासारखी हसते, तिला सांगितले नाही.

सायंकाळी बसने जाऊन गाडी पाहून आलो. बॅटरी उतरू नये म्हणून. बस उलट दिशेची निघाल्यामुळे विलंब झाला. हा अपवाद समजावा.

५ एप्रिल

खोलीची पाहणी. ताट एकच. याचा अर्थ वास्तव्य तात्पुरते होते. बहिणीचा मुद्दा इथेच निकालात निघतो.

कप मात्र सहा. संच विकत घेतला असावा. सहाही कप वेगवेगळे आहेत, याचा उलगडा नंतर करीन.

खिडकीला पडदे, मापाने शिवून घेतलेले. पश्चिमेचे ऊन असणार. भिंतीला फळी ठोकलेली. पुस्तकांना वाळवी लागू नये म्हणून. दारामागे कॅनव्हासचे बूट, तळवे झिजून गुळगुळीत. घरी तुझे गुडघे आपल्या फाटकापर्यंतच चालत असत. सक्तीने माणसाला काय काय करावे लागते, याचे हे बूट उत्तम उदाहरण.

आपल्या दोघांचा फोटो भिंतीवर नाही. धुळीने खराब होऊ नये, ही तुझी काळजी. खणातही नाही. फारच काळजी.

८ एप्रिल

गाडी पाहायला गेलो नाही.

८ एप्रिल, नंतर

गेलो. इंजिन पंधरा मिनिटे चालू ठेवले, वायपर फिरवून पाहिले. परतताना तळमजल्यावर राहणाऱ्या घरमालकीणबाई दारातच उभ्या. म्हणाल्या, काय हो, रोज बघायला जाता, दवाखान्यात ठेवलीय का गाडी? प्रकृती कशी आहे? मी म्हणालो, उत्तम आहे. म्हणाल्या, मग घरी कधी सोडणार?

बाई बोलायला फटकळ आहेत. तुझे त्यांच्याशी पटत नसणार. तसे विचारले. म्हणाल्या, आमचं? अहो, रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून त्या माझीच भाजी निवडायच्या आणि मलाच नावं ठेवायच्या. मग पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. साक्षीदार भावनाप्रधान. जबाब जपून वापरावा लागेल.

१० एप्रिल

जिन्याखाली लाल सायकल. घरमालकीणबाई म्हणाल्या, ही पण तुमच्या बाईंची, नेताना विसरू नका. मी सांगितले की माझ्या पत्नीला सायकल येत नाही. म्हणाल्या, येत नव्हती. दोनदा आपटल्या, गुडघे फोडून घेतले, मग आली.

लग्न झाले त्या वर्षी मी तुला सायकल शिकवायला घेतली होती आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिली, कारण तुला तोल नाही हे स्पष्ट झाले होते. सबब सायकल दुसऱ्या कुणाची तरी असावी.

सीट तुझ्या उंचीला लावलेली आहे.

१२ एप्रिल

महत्त्वाची बाब निदर्शनास आली. कचरा टाकण्यासाठी इमारतीच्या मागे गेलो असता तिथे प्रशस्त अंगण आढळले. अंगणात पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेले पार्किंग. प्रत्येक जागेवर खोलीचा क्रमांक. तुझ्या खोलीच्या क्रमांकावर पाच-सहा खुर्च्या, एकीचा हात तुटलेला, मध्ये पालथा घातलेला लाकडी खोका, आणि भिंतीवरून ओढलेली दिव्यांची माळ.

घरमालकीणबाईंना विचारले, हे पार्किंग केव्हा बांधले? म्हणाल्या, इमारतीबरोबर. मी म्हणालो, जागा नाही असे मला वारंवार सांगण्यात आले होते. बाईंनी खुर्च्यांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. म्हणाल्या, मग बघा ना, आहे का जागा?

पूर्ण विचारांती: खुर्च्या असल्यामुळे जागा रिकामी नव्हती, रिकामी नसल्यामुळे सोय नव्हती. तुझे विधान तांत्रिकदृष्ट्या खरे होते. तू खोटे बोलणार नाहीस, याबद्दल मला शंका नव्हतीच.

जेवलो नाही. बाहेर उकडत होते.

१३ एप्रिल

खुर्च्यांवर बसणारे आढळले. तुझे वर्गबंधू आणि वर्गभगिनी, आपल्या लेकीपेक्षाही लहान. तुला ‘सीनियर’ म्हणत. तू वर्गात अबोल असशील अशी माझी समजूत होती. त्यांच्यातली एक चष्मेवाली मुलगी म्हणाली, अबोल? काका, सर शिकवायचे थांबायचे, सीनियर थांबायच्या नाहीत. आणि नकला काय करायच्या. एक नक्कल तर आम्ही रोज करायला लावायचो.

मी नकलेचा तपशील विचारला. एक मुलगा उठला. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, मान मागे वळवून, अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, जरा मान खाली घे, मला मागची काच दिसत नाही. जरा मान खाली घे. अजून खाली. सगळे हसले. मग चष्मेवालीने त्याला कोपर मारले आणि एकेक करून सगळ्यांचे हसू थांबले.

मी स्पष्ट केले की गाडी मागे घेताना तसे सांगणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे. सगळे म्हणाले, हो काका, बरोबर आहे.

नक्कल चांगली होती. माझा आवाज त्या मुलाने ऐकलेलाही नव्हता.

१५ एप्रिल

घरमालकीणबाईंना खडसावून विचारले की इथे मी येऊ नये अशी माझ्या पत्नीची इच्छा होती का. म्हणाल्या, असं कुठे? त्या म्हणायच्या, यायला बस आहे की. पण बस दुसरा माणूस चालवतो, ते यांना सोसत नाही.

आपल्या गावाहून सकाळी तीन बस सुटतात, हे वेळापत्रकात पाहिले. वेळापत्रक नवे असावे.

१६ एप्रिल

संकल्प: या प्रकरणाचा सोक्षमोक्ष लावायचा. जागा आहे, गाडी आहे. दोन्ही एकत्र आणले की प्रश्न मिटतो. दुपारी सामसूम असताना खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या, खोका हलवला, वाहनतळावरून गाडी आणली. एका दमात, दोन्ही बाजूंना समान अंतर सोडून लावली. तू असतीस तर कबूल केले असतेस.

सायंकाळी मुले आली. गाडी पाहून उभी राहिली. चष्मेवाली म्हणाली, असू दे काका, चालतं आम्हाला. थोडा वेळ जिन्याच्या पायऱ्यांवर बसली, मग कुणाला तरी काम निघाले आणि सगळीच गेली. अंगणात कुणी उरले नाही. मी गाडीत जाऊन बसलो. माळ कुणीतरी लावून गेले होते. मागची काच अगदी स्वच्छ दिसत होती.

१७ एप्रिल

गाडी वाहनतळावर परत नेली. खुर्च्या पूर्ववत मांडल्या. मोडक्या हाताची कुठे होती, ते नक्की आठवेना.

मुले आली नाहीत.

२१ एप्रिल

मुले आली. मला खुर्ची देण्यात आली. आज खूप उकडतंय, असे एकाने सांगितले. दुसऱ्याने दुजोरा दिला. कालही उकडत होतं, असे तिसऱ्याच्या लक्षात आले. मी परीक्षेच्या तयारीबाबत चार शब्द सांगितले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

वर येऊन दार लावले तेव्हा खाली हसण्याचा कल्लोळ झाला. परीक्षेच्या ताणामुळे या वयात असे होते.

२४ एप्रिल

संकल्प: खोली मेअखेरपर्यंत ठेवायची. परीक्षा संपेपर्यंत. तू ज्या दिवशी घरी निघाली असतीस, त्या दिवशी मी निघायचे, म्हणजे बहिणीला बोलायला जागा उरणार नाही.

तसे घरमालकीणबाईंना कळवले. म्हणाल्या, आता कसं जमेल, चष्मेवालीला शब्द दिलाय, एक तारखेला ती येतेय. मी म्हणालो, एका महिन्याचाच प्रश्न आहे. म्हणाल्या, भाऊ, रागावू नका, तुमच्या बाईंनी तर पुढची दोन वर्षं सांगून ठेवली होती. एम.ए. झालं की पीएच.डी. करायची, तोवर मला हलवायचं नाही, असा दम दिला होता मला. तुम्हाला माहीत असेलच.

मी म्हणालो, अर्थात.

जबाब तोंडी. लेखी पुरावा नाही. साक्षीदार भावनाप्रधान असल्याची नोंद पूर्वीच केलेली आहे. शिवाय पीएच.डी. घरूनही करता येते. फळीवर पुस्तके ठेवण्यापुरती खोली हवी असेल. दोन वर्षे. पुस्तके पुष्कळ आहेत.

बहिणीला फोन करणार होतो. रेंज नव्हती. रेंज होती.

२६ एप्रिल

लेकीला विचारले, आई परत येणार होती ना? म्हणाली, बाबा, तुम्ही जेवलात का? लाइन खराब असावी. पुन्हा विचारले नाही.

२८ एप्रिल

सामान आवरायला चष्मेवाली आली. सायकल तिला दिली. कप ज्यांचे त्यांना परत. प्रत्येकाने आपापला आणून ठेवलेला होता, हा उलगडा झाला. पडदे काढू लागली, तिला म्हणालो, राहू देत, ते याच खिडकीच्या मापाचे आहेत. तरी एक काढून झाला होता.

त्यानंतर तिला रीतसर प्रश्न विचारला. परीक्षा झाल्यावर मी घरी जाणार आहे, असे माझी पत्नी तुझ्यासमक्ष कधी म्हणाली होती का?

ती लगेच म्हणाली, हो काका. नेहमीच म्हणायच्या. परीक्षा झाली की मी घरी जाणार, काकांकडे, खूप आठवण येते म्हणायच्या.

मला हवे होते तेच वाक्य, हव्या त्याच शब्दांत. बहिणीला शब्दशः सांगता येईल असे.

ज्याने खरोखर ऐकलेले असते तो थबकतो. नाही नाही, तेव्हा नव्हे, तेव्हा पाऊस होता, असे म्हणतो. कोण कोण होते ते चुकवतो, मग सुधारतो. ही थबकली नाही. घडी झालेल्या पडद्याची तिने पुन्हा घडी घातली, मग पुन्हा घातली, आणि बोलताना एकदाही वर पाहिले नाही. असे शेकडो जबाब मी फेटाळले आहेत. त्यांतला एकही इतक्या मायेने दिलेला नव्हता.

मी तिला म्हणालो, आभारी आहे, बाळ. ती म्हणाली, काका, चहा करू का? कप सगळे गेलेले होते.

मुलगी भली आहे. जबाब ग्राह्य धरता येत नाही.

३० एप्रिल, सकाळी

बहिणीला फोन केला. तिचे म्हणणे बरोबर होते, असे सांगितले. ती म्हणाली, जाऊ दे रे दादा. मी म्हणालो, नाही, नोंद असलेली बरी.

तू परत येणार नव्हतीस.

खोली झाडून घेतली. खिडकी बंद केली. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले. किल्ल्या घरमालकीणबाईंना परत केल्या.