रेघ कुठून सुरू करायची

प्रिय अवनी,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला चार ओळी लिहिल्या की उलट एक पिवळा अंगठा येतो, आणि अंगठ्याशी गप्पा मारण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. माझ्या ऑफिसातला उझैर सोमवारी तुमच्या बोगद्याच्या साइटवर येतोय. त्याच्या बॅगेत हे पत्र आहे आणि तुझ्या आईने दिलेली थालीपिठाची भाजणी. तू भाजणी आधी उघडशील, माहीत आहे. मराठी वाचायला तुला वेळ लागतो, तेही माहीत आहे. लागू दे. दुबईत, मनखूलमध्ये वाढलेल्या पोरीला बाराखडी शिकवताना तुझ्या आईने जो घाम गाळला, त्याची थोडी तरी वसुली होऊ दे.

आज शनिवार. सुट्टीच्या दिवशी माणसं झोपतात, मॉलमध्ये जातात, बायकोशी भांडतात. मी सकाळपासून नुसता फिरतोय. मंगळवारी तू पहिल्यांदा स्वतःची शिफ्ट घेऊन आत जाणार हे कळल्यापासून माझं बूड कुठे टेकत नाही. केस वाढलेले नसताना कापून आलो. खालच्या कॅफेटेरियातला चहा पिऊन आलो, मग चहा नीट लागला नाही म्हणून पुन्हा पिऊन आलो. गॅलरीत उभा राहिलो तर समोरच्या बिल्डिंगीतल्या बाईने पडदा ओढून घेतला. शेवटी तुझी आई म्हणाली, "सुजीत, एक तर बस नाहीतर बाहेर जा. तुझ्यामुळे घराची फरशी झिजतेय." मग तिने जे विचारलं ते जास्त लागलं. "इतकी वर्षं लोकांच्या पोरांसाठी बोगदे काढलेस, तेव्हा जेवण जात होतं ना व्यवस्थित?" छाया शांतपणे भाजणी डब्यात भरत होती. असली वाक्यं तिला डबा भरता भरताच सुचतात.

जेवण व्यवस्थित जात होतं, हेच खरं आहे. माझं काम तुला सांगायला नको, तुझ्या तीन पुस्तकांत ते आहे. पण तुझ्या आईला पंचवीस वर्षांत ते एकदाच समजलं, आणि तेही दिवाळीत. ती शेव पाडत होती. मी म्हटलं, हे बघ, मी कॉम्प्युटरवर बोगदा काढत नाही, बोगद्याची फक्त मधली रेघ काढतो, सेंटरलाइन. ठिपके देत जायचं, वळण किती मोठं ते सांगायचं, चढ किती ते सांगायचं. मग त्या रेघेवर एक आकार चढवायचा, घोड्याच्या नालेसारखा, म्हणजे तुझी ही सोऱ्यातली चकती. रेघ जिकडे जाईल तिकडे त्या आकाराचा बोगदा आपोआप पडत जातो. ती म्हणाली, "म्हणजे चकती दुसऱ्याची, पीठ दुसऱ्याचं, तू नुसता हात फिरवतोस. आणि याचा पगार देतात?" देतात. अठ्ठाविसाव्या मजल्यावर बसवून देतात. जमिनीच्या पोटातल्या कामासाठी दुबईत सगळ्यांत उंच खुर्ची मिळते.

त्या खुर्चीतली एक सोय मात्र मी तिला सांगितली नाही. स्क्रीनवर खडक बंद करता येतो. डाव्या बाजूला एक छोटी खूण असते, ती काढली की अख्खा डोंगर नाहीसा होतो आणि बोगदे पोकळीत लटकलेले दिसतात, निळे, केशरी, हिरवे, लग्नाच्या मांडवातल्या पताकांसारखे. खडक चालू असला की काम सुचत नाही, मध्ये येतो. आम्ही सगळे खडक बंद करूनच काम करतो. पोरी, मी गेली वीस वर्षं खडक बंद करून काम करतोय. मंगळवारी तू जाणार आहेस तिथे तो चालू असतो.

आणि मला तो माहीत नाही असंही नाही. तुझ्या वयाचा असताना मी भंडाऱ्याकडे मँगनीजच्या खाणीत उतरत होतो. दिवा बंद केल्यावर तिथे जो अंधार होतो, तो दुबईत वाढलेल्या माणसाला समजावून सांगता येत नाही. इथे अंधारालाही कुणीतरी स्पॉन्सर शोधून दिवे लावून टाकतं. मला ते काम आवडायचं, हे मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तुला तेच शिकायचंय म्हटल्यावर मला कपाळाला हात लावायचा हक्क उरला नसता. मुलीचं नाव अवनी ठेवायचं आणि मग ती मातीत का जाते म्हणून रडायचं, हा विनोद तुझ्या आईने तेव्हाच करून टाकला होता.

तू निघालीस त्याच्या आदल्या संध्याकाळी आपण खाली जेवायला गेलो होतो, तो प्रसंग मी रोज उकरून काढतोय. मी फक्त एवढंच म्हटलं होतं की काही दिवस ऑफिसात काढ, प्लॅनिंग शिक, मग उतर. तू पापड मोडत म्हणालीस, "बाबा, यू ड्रॉ इट, आय वॉक इट. व्हॉट्स द प्रॉब्लेम?" मी म्हटलं, प्रॉब्लेम काही नाही. तू म्हणालीस, "देन व्हाय आर यू नॉट ईटिंग?" वेटर बिल घेऊन आला म्हणून मी वाचलो. वेटरला मी टिप जरा जास्तच दिली.

खरं सांगू का, तुला या धंद्याची गोडी लागली ती कॉलेजात नाही. ती त्या एप्रिलच्या पावसात लागली, ज्यात अर्धी दुबई पाण्यात गेली. तू सुट्टीवर आली होतीस. आपण तिघं बेसमेंटच्या उताराच्या तोंडाशी उभे होतो आणि आपली गाडी खाली पाण्यावर बदकासारखी डुलत होती. वॉचमन भिकाजी, आपला देवरुखचा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून म्हणत होता, "साहेब, पंप मागवलाय, इन्शाल्ला येईल." आई गाडीचे उरलेले हप्ते मोजत होती. आणि तू त्या उताराकडे बघून विचारलंस, "हू गेव्ह धिस ग्रेडियंट?" रस्त्याचं सगळं पाणी आत घेणारा तो उतार कुणीतरी कागदावर काढला होता, कुणीतरी तपासला होता, कुणीतरी सही केली होती. तू फोन काढून त्याचा फोटो घेतलास, गाडीचा नाही. मला त्या क्षणी गाडीचं काहीच वाटलं नाही. हे तुझ्या आईला सांगू नकोस.

तर आता मुद्द्यावर येतो. चहा तिसऱ्यांदा झालाय.

गुरुवारी मला इद्रीसचा फोन आला. तुमचा मॅनेजर म्हणून तुला तो कडक वाटत असेल. आमच्यासाठी तो क्लायंट आहे, त्यामुळे आम्हाला तो मधासारखा वाटतो. आधी हवापाणी, मग घरचे कसे आहेत, मग अवनी फार हुशार आहे हबीबी, आणि मग हळूच म्हणाला की वरच्या ऑफिसात प्लॅनिंगची एक जागा रिकामी झाली आहे. एसी, खुर्ची, खिडकी. "तू बाप आहेस. तू एक शब्द बोल, मी तिला वर घेतो. तिला सांगायचीही गरज नाही, कंपनीची ऑर्डर म्हणून कागद काढतो. खलास." रविवारपर्यंत सांग म्हणाला. सुदानी माणूस, तीन मुलींचा बाप. त्याने वाईट मनाने विचारलेलं नाही, आणि हीच पंचाईत आहे. वाईट मनाने विचारलं असतं तर मी तिथेच फाडकन नाही म्हणालो असतो.

मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. मी म्हटलं, कळवतो. फोन ठेवला आणि कामाला लागलो. काम कुठलं, तर तुमचाच नवा बोगदा. डोंगराच्या पायथ्याशी तोंड आणि तिथून सरळ आत, ज्याच्या पहिल्या शिफ्टवर तुझं नाव लागलंय तोच. मागच्या आठवड्यात त्याचं तोंड थोडं सरकवायचं ठरलं, त्यामुळे रेघ नव्याने काढायची होती. आमच्याकडे पोराटोरांना देतात तसलं काम. मी म्हटलं, मी करतो. ठिपके दिले, चढ टाकला, चकती चढवली, उझैरकडे तपासायला पाठवलं. आमचा नियमच आहे, एकाने काढायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, मग काढणारा कितीही म्हातारा असो. आणि उझैर तर असा की स्वतःच्या लग्नपत्रिकेतही चुका काढेल.

जेवणाच्या सुट्टीनंतर तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.  मग त्याच्या त्या कराची छाप आवाजात म्हणाला, "सुजीतभाई, पानी को अंदर क्यों बुला रहे हो?"

मी स्क्रीनकडे बघितलं. तुला एका वाक्यात कळेल, पण तरी लिहितो, कारण मला स्वतःला ते लिहून बघायचंय. आडवा बोगदा आत जाताना किंचित चढत न्यायचा असतो, डोळ्यांना दिसणार नाही इतका, म्हणजे आतलं पाणी आपल्या पायाने तोंडाकडे वाहत येतं. म्हणून रेघ नेहमी तोंडापासून सुरू करायची आणि आत जायचं. पहिला ठिपका दाराशी. हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, आणि मी इतक्या पोरांना शिकवलंय की झोपेत हात धरला तरी माझा हात दारापासूनच सुरू होईल. आणि गुरुवारी मी पहिला ठिपका आत दिला. अगदी शेवटाला, जिथे माणसं खडकासमोर उभी असतात तिथे. तिथून रेघ ओढत दारापर्यंत आणली. कॉम्प्युटर बिचारा आज्ञाधारक. त्याने चढ माझ्या पहिल्या ठिपक्यापासून मोजला. म्हणजे दार वर आणि माणसं खाली. ड्रिलिंगचं सगळं पाणी तुमच्या पायाशी साठलं असतं, आणि डोंगरात पाऊस पडला असता तर काय, ते आपण आपल्या बेसमेंटमध्ये बघितलंय.

स्क्रीनवर काही म्हणजे काही वेगळं दिसत नव्हतं. तीच निळी नळी, तीच लांबी.

उझैर खुर्ची ओढून बसला. एरवी त्याने ही गोष्ट अख्ख्या मजल्यावर वाटली असती, वर गाजर हलवा मागितला असता. पण म्हणाला, "बेटी वहीं जा रही है ना?" मी मान हलवली. "तो आप उसको बाहर ला रहे थे," म्हणाला. "लाइन तो आपने ठीक ही खींची. बस काम की नहीं है." आणि उठून स्वतःच दोघांसाठी चहा घेऊन आला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा, हे नोंदवून ठेव.

मी ती रेघ पुसली. पुन्हा काढायला बसलो तर हात दाराशी जायला तयार होईना. हसशील तू, माऊस धरून बसलेला पन्नाशीचा माणूस आणि एक ठिपका पडत नाही. मग मी एक केलं. खडक चालू केला. डोंगर परत आला, करडा, सगळी स्क्रीन भरून, आणि मला रेघ दिसेनाशी झाली.  मग दाराशी पहिला ठिपका दिला आणि एकेक करत आत गेलो, तू जाशील तशी. उझैरने तीनदा तपासली. यल्ला, चला, म्हणाला, आता पाणी बाहेर.

काल घरी आल्यावर तुझ्या आईला हे सगळं सांगितलं, इद्रीसचंही. मला वाटलं होतं ती म्हणेल, लगेच हो म्हण. ती देवाजवळ उदबत्ती लावत होती. मला म्हणाली, "मला तर तिने किराणा दुकानात बसलेलं आवडेल. पण तिला न विचारता तिची खुर्ची बदललीस ना, तर ती तुला जन्मात बाबा म्हणणार नाही. आणि इंग्रजीत काय म्हणेल ते मला कळणार नाही." एवढं बोलून तिने उदबत्ती तिरकी लावली आणि दोन वेळा सरळ केली. 

आज दुपारी, दुसऱ्या आणि तिसऱ्या चहाच्या मध्ये, मी इद्रीसला फोन केला आणि सांगितलं, ती खालीच राहील. कधी वर यायचं असेल तर ती स्वतः मागेल. तो अरबीत काहीतरी पुटपुटला, बहुतेक दुआ असावी. ही गोष्ट तुला त्याच्याकडून किंवा उझैरकडून कळण्याआधी माझ्या हस्ताक्षरात कळावी, एवढ्यासाठी हे पत्र. मला धीट वगैरे समजू नकोस, मी अजून फेऱ्याच मारतोय. तेव्हा बापाचं एक काम कर. काही दिवसांनी बोगदा चांगला आत गेला असेल, मशीन थांबलं असेल, तेव्हा खडकाकडे पाठ करून उभी राहा आणि दिवा पायाशी धर. पाणी कुठल्या बाजूला जातंय ते बघ. दाराकडे जात असेल तर मला फक्त तो अंगठा पाठव. त्या दिवशी मला तो पुरेल.

तुझाच, आणि अजून उभाच असलेला,
बाबा